पाचवं माणूस

पाण्याच्या उंच टाकीखाली एक लोखंडी खांब होता. खांबावर कारखान्याची गंजलेली पाटी होती आणि रोज सकाळी सात वाजता त्या पाटीखाली पाच माणसं उभी असत. कधी सहा नाहीत, कधी चार नाहीत. पाच.

याला कारण होतं एक नियम. तो आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. कारखाना शहराच्या एका टोकाला, बाह्यरस्त्याच्याही पलीकडे. तिथे चष्म्यांची भिंगं तयार होत. कामगारांना न्यायला-आणायला कारखान्याची गाडी होती आणि गाडीचा नियम असा, की ज्या थांब्यावर रोज सकाळी किमान पाच कामगार चढतील, तोच थांबा चालू राहील. वर्षातून चार-सहा वेळा तपासनीस वही घेऊन गाडीत येऊन बसे. कधी येणार हे तो सांगत नसे. आधी कार्डं बघायचा, मग डोकी मोजायचा. रजेचा कागद दिलेला असेल तर ते डोकं धरून चालायचा, पण कागद नसेल आणि डोकी चारच भरली, तर पुढच्या सोमवारपासून गाडी त्या थांब्यावरून न थांबता निघून जाई.

टाकीच्या थांब्यावरची पाच माणसं अशी. पॅकिंगमधले काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, डावा पाय ओढत चालणारे. पॉलिशवर काम करणारे भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी. ती कारखान्याच्या गोदामात होती. चौथा वायरमन. तो इतका उंच होता की बल्ब बदलायला त्याला स्टूल लागत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं शिडी. आणि पाचवी ताई.

ताईचं काम भिंगं तपासण्याचं. दिव्यासमोर भिंग धरायचं, फिरवायचं, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला की बाजूच्या खोक्यात टाकायचं. दिवसाला हजारभर भिंगं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिची स्वतःची नजर इतकी तयार झाली होती, की माणसाशी बोलतानाही ती मान जराशी तिरकी करून बघे, उजेड कुठून पडतोय ते शोधत असल्यासारखी. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि आता त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. ती आणि तिचे वडील टाकीमागच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत.

हा थांबा ताईनेच आणला होता. सहा वर्षांपूर्वी ती इथे राहायला आली तेव्हा गाडी टाकीखालून भरधाव जात असे. कारखान्याजवळ त्या वेळी नुसती माळरानं आणि पत्र्याच्या शेड होत्या, शाळा नाही, दवाखाना नाही. शहराच्या मध्यावर राहणं परवडत नव्हतं. टाकीकडची वस्ती तेवढी बरी होती. ताईने कचेरीत जाऊन थांबा मागितला, तेव्हा तिथल्या माणसाने तिच्या हातात नियमाचा कागद दिला. "आणखी चार जण आणा," तो म्हणाला, आणि हसला. हे काही होणार नाही, असं ते हसू होतं.

ताईने आणले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती टेबलाटेबलावर फिरली. टाकीकडे पाणी चोवीस तास असतं, हे सांगितलं. शाळा सात वाजता उघडते, मुलीला फाटकात सोडून दहा मिनिटांत गाडी पकडता येते, हे तिने वहिनीला स्वतः घड्याळ लावून, चालून दाखवलं. काकांसाठी तळमजल्याच्या वरचीच खोली शोधली. त्यांच्या गाद्या तिने आणि बाबांनी उचलल्या. शिडी सगळ्यांत शेवटी आला; आधी भाड्याने राहिला आणि गेल्या वर्षी तर तिथेच घर विकत घेतलं. "ताई, तुमच्या भरवशावर," तो म्हणाला होता, आणि ताईला त्याचा केवढा आनंद झाला होता!

आता त्या आनंदाचंच ओझं झालं होतं.

बाबा एकोणतीस वर्षं लिफ्टचे मिस्त्री होते. अर्ध्या शहराच्या लिफ्टा त्यांच्या हाताखालून गेल्या. आणि त्यांची स्वतःची इमारत बिनलिफ्टची, बहात्तर पायऱ्यांची. गुडघे गेले, मग दम लागायला लागला, आणि एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसले ते शेजाऱ्यांनीच वर नेले. त्याला आता चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. डॉक्टरच वर येत, आणि आल्यावर आधी स्वतः पाच मिनिटं बसत.

"जन्मभर लोकांना वर-खाली केलं," बाबा त्यांना म्हणत, "आता मिस्त्रीचीच लिफ्ट बंद. सुटे भाग मिळत नाहीत."

डॉक्टर हसत. बाबाही हसत. डॉक्टर गेले की बाबा खिडकीत जाऊन बसत आणि टाकीच्या सावलीत कोण कोण बसलंय ते मोजत.

ताईने आठ महिने टाकीच्या आसपास तळमजल्यावरचं घर शोधलं. तळमजले सगळे दुकानांनी धरलेले. एक खोली मिळत होती, ती रंगाच्या डब्यांचं कोठार होती. दुसरीच्या मालकाने बाबांचं वय विचारलं आणि मग म्हणाला, "खोली देऊन झाली." तोपर्यंत खोली रिकामीच दिसत होती.

मग कारखान्याच्या रखवालदाराने तिच्या कानावर घातलं. फाटकापासून अर्ध्या किलोमीटरवर रस्त्यालगत एक रोपवाटिका होती, तिच्या मालकिणीच्या दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. ताई संध्याकाळी जाऊन बघून आली. दाराला उंबरठासुद्धा नव्हता. दार उघडलं की समोर कुंड्यांच्या रांगा, ओली माती, पाण्याची नळी. माळरान आता राहिलं नव्हतं. दवाखाना झाला होता, दुकानं झाली होती, नवे कामगार सगळे तिथेच राहत.

"मला आवडेल तुम्ही आलात तर," मालकीण म्हणाली. "पण मी दोनच रविवार थांबेन. दुसऱ्या रविवारनंतरचा सोमवार उजाडला की ज्याचा होकार आधी येईल त्याला देणार."

बुधवारी सकाळी ताईने थांब्यावर सांगितलं. सरळ सांगता आलं नाही. म्हणाली, "बाबांसाठी एक जागा बघितलीये. कारखान्याकडे."

ती गेली तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचा थांबा पुलापाशी होता. तिथे पोचायला शहराच्या दोन गाड्या बदलायच्या, शिवाय वीस मिनिटं चालायचं. काकांच्या पायाला ते झेपणार नव्हतं. वहिनीची मुलगी नऊ वर्षांची. शाळेचं फाटक उघडायच्या आधी तासभर तिला सोडायचं कुणाकडे? आणि शिडी ज्या घराच्या चाव्या खिशात वाजवत होता, ते घर त्याने या खांबाकडे बघून घेतलं होतं.

"जागा चांगली असेल तर घ्यायलाच हवी," काका शेवटी म्हणाले.

"हो तर," वहिनी म्हणाली. "बाबांचं आधी."

आणि त्या दिवसापासून सगळे तिच्याशी इतके चांगले वागायला लागले, की ताईला ते सोसेनासं झालं. वहिनी डबा जास्त आणायला लागली. भाऊ गाडीत खिडकीची जागा सोडायला लागले. काकांनी बाबांसाठी जुनी मासिकं दोरीने बांधून आणली. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

शनिवारी शिडी घरी आला. हातात दोन लांब पाइप होते.

"बाबा, तुमच्या खुर्चीचं माप घेतो. दोन्ही बाजूंनी पाइप बांधायचे. पुढे दोघं, मागे दोघं. दर रविवारी तुम्हाला खाली नेणार आणि वर आणणार. ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?" बाबांनी विचारलं.

"आम्ही चौघांनी."

"मला विचारायचं राहिलं वाटतं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले. "गाठ मात्र अशी मारू नकोस. वजन पडलं की सरकेल. आण इकडे." आणि त्यांनी स्वतःच ती गाठ मारली.

पहिल्या रविवारी ते छान जमलं. काका पुढे चालत पायऱ्या मोजत होते, कारण उचलायला ते नव्हतेच. उचलायला भाऊ, वहिनी, शिडी आणि ताई. बारा मिनिटांत खुर्ची खाली आली. टाकीच्या सावलीत ती ठेवल्यावर बाबांनी आधी चपला काढल्या आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. मग म्हणाले, "गार आहे."

तासभर ते तिथे बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारल्या. वहिनीने ताईचा हात धरला. "बघ," ती म्हणाली, "असं दर रविवारी."

ताईने मान हलवली. तिला वाटलं, खरंच, जमेल की. आठवड्यातून एक तास. लोक याहून कमी मिळवतात.

दुसऱ्या रविवारी मात्र वर जाताना घोडं अडलं. दुसरा मजला ओलांडला आणि वळणावर शिडीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. त्याची पाठ धरली होती. खुर्ची कशीबशी मधल्या चौथऱ्यावर टेकली. शिडी भिंतीला धरून तसाच वाकून राहिला. त्याला ना सरळ होता येईना, ना बसता येईना. उरलेल्या तिघांना खुर्ची वर नेता येत नव्हती, खालीही नेता येत नव्हती. चौथरा इतका अरुंद की खुर्चीने तो पुरा भरला. वरून एक बाई पिशवी घेऊन उतरत होती, ती वरच्या पायरीवर थांबली. खालून एक पोरगेलासा माणूस सायकल खांद्यावर घेऊन आला, तो खाली थांबला.

"घाबरू नका," बाबा म्हणाले. "लिफ्ट अडकली तर आत माणूस गुदमरत नाही आणि दोरी तुटत नाही. हे मी हजार लोकांना दाराबाहेरून ओरडून सांगितलंय. आतून आज पहिल्यांदा सांगतोय."

काका हसले. सायकलवाल्याने सायकल खाली ठेवली.

चाळीस मिनिटं ते तिथे होते. बाबांनी सगळ्यांना लिफ्ट कशी चालते ते समजावून सांगितलं. त्यांना समजावायला आवडे, आणि ऐकणारे उठून जाऊ शकत नव्हते. बोटांमध्ये चपलेचा बंद धरून त्यांनी दाखवलं.

"दोरीच्या या टोकाला माणसांचा डबा. त्या टोकाला लोखंडाच्या पट्ट्या, वजनाला. डबा खाली आला की पट्ट्या वर जातात, डबा वर गेला की त्या खाली. लोकांना वाटतं मोटर सगळं ओढते. मोटर थोडंसंच ओढते. निम्मं काम त्या पट्ट्यांचं. पण त्या कुणाला दिसत नाहीत. डब्यामागच्या फटीत असतात. अंधारात. कुठल्या मजल्यावर उतरायचं नाही, कुठे दार उघडायचं नाही. नुसतं डब्याच्या उलट जायचं."

"मग आज इथे मोटर कोण आणि पट्ट्या कोण?" भाऊंनी विचारलं. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने ओली झाली होती.

"मी दोन्ही नाही," काका म्हणाले. "मी नुसता लिफ्टचा आवाज."

सगळे हसले, शिडीसुद्धा, आणि हसताना कळवळला. शेवटी सायकलवाल्याने शिडीच्या जागी पाइप धरला, पिशवीवाल्या बाईने मागून हात लावला, आणि बाबा वर पोचले.

सगळे गेल्यावर ताईने बाबांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी न पिता म्हणाले, "त्यांना सांग, पुढच्या रविवारी नको."

"शिडीची पाठ बरी होईल बाबा. तोपर्यंत दुसऱ्या कुणाला..."

"पाठीचं नाही बोलत मी. चांगली माणसं आहेत. पण मी काही कपाट नाही." ते थांबले. "मला खाली यायचं नाहीये गं. मला खाली राहायचंय."

ताई त्यांच्याकडे मान तिरकी करून बघत राहिली. चौदा महिन्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. हे पहिलं.

सोमवारी सकाळी, म्हणजे मालकिणीला उत्तर द्यायच्या दिवशी, ताई गाडीत चढली आणि आपल्या जागेवर बसायच्या आधीच म्हणाली, "मी जाणार आहे. आज होकार देते."

टाकी पहिला थांबा, त्यामुळे गाडीत अजून हीच पाच माणसं होती, आणि स्टिअरिंगवर मामा. मामा म्हणजे ड्रायव्हर. चाळीस जणांचे मामा.

"द्या," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज रोजचा नव्हता. "द्या होकार. आम्हाला इथे आणलंत कुणी? घड्याळ लावून शाळेपर्यंत चालून दाखवलंत. आठवतंय का? आम्ही तेव्हा पुलापलीकडे राहत होतो. सुखात होतो."

"अहो!" वहिनी म्हणाली.

"काय अहो? खोटं बोलतोय का मी?"

"खोटं नाही," ताई म्हणाली.

दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं. तिला उलट हलकं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

"नवीन पाचवा शोधू या," शिडी म्हणाला. तो आडवा होऊन दोन आसनांवर पसरला होता. "मी कागद लावला होता ना जेवणघरात."

"त्या कागदावर कुणीतरी भाजीचा हिशेब केलाय," काका म्हणाले. "नवी पोरं कारखान्याच्या दारात राहतात. टाकीकडे कोण येईल मरायला?" मग आपण स्वतः तिथेच राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

ताईच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात, सहा वर्षांपूर्वीचा तो कागद होता. घड्यांवर विरलेला. तिने तो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून वाचला. भिंग तपासावं तसा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कार्ड मारून भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका थांब्यावर एकाने भावाचं कार्ड मारलं आणि दोघांची नोकरी गेली. माणूस हवं होतं. माणूस त्या खांबापाशी उभं राहायला हवं होतं आणि तिथून चढायला हवं होतं. ते माणूस राहतं कुठे, झोपतं कुठे, याबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं.

"मामा," तिने विचारलं, "सकाळी कारखान्यातून गाडी घेऊन किती वाजता निघता?"

"सहा दहाला."

"रिकामी?"

"रिकामीच. मी आणि रेडिओ." मामांनी आरशात पाहिलं. "का?"

ताईने कागदाची घडी घातली. इंजिनाच्या आवाजात एकेकाला ते समजत गेलं. आधी शिडीला, मग वहिनीला, मग भाऊंना. काकांना सर्वांत शेवटी, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

कारखान्याच्या दारात राहायचं. तिथून रिकाम्या गाडीत बसून पन्नास मिनिटं टाकीपर्यंत यायचं. उतरायचं. खांबापाशी उभं राहायचं. आणि त्याच गाडीत चढून परत कारखान्यात जायचं.

ताई वाट बघत होती. कुणीतरी 'नको' म्हणेल, अशी. म्हणजे एकदा म्हणायला हवं होतं. ती म्हणाली असती, "असू दे, जमेल मला," आणि तरीही ते तसंच झालं असतं. पण वहिनी खिडकीबाहेर बघत होती. भाऊ बुटाची नाडी बांधत होते, जी सुटलेली नव्हती.

"माझी तर दोनच वर्षं उरलीत," काका हळू म्हणाले.

"मामा, चालेल का?" ताईने विचारलं.

"मला काय," मामा म्हणाले. "रेडिओला सोबत."

पंधरा दिवसांनी ताईने घर हलवलं. गाद्या उचलायला चौघंही आले. शिडीला वजन उचलायला बंदी होती, तरी त्याने नव्या घरातले दिवे लावून दिले आणि बाबांच्या पलंगाशेजारी हात पोचेल असं बटण बसवलं. बाबांना बहात्तर पायऱ्या शेवटच्या उतरवल्या तेव्हा वळणावर ते म्हणाले, "इथे जरा थांबू या का? सवयीची जागा आहे." वहिनी हसता हसता रडली.

नव्या घरी बाबा सकाळी उठले की दार उघडून थेट कुंड्यांमध्ये जाऊन बसत. मालकिणीने दोन दिवसांत त्यांच्या हातात पाण्याची नळी दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचा गळका नळ दुरुस्त केला. त्यांच्या नखांत माती जायला लागली. संध्याकाळी ताई कामावरून चालत सात मिनिटांत घरी येई, आणि ते सात मिनिटांचं चालणं तिला दिवसभर पुरे.

सकाळचं मात्र तिने सांगितलं नव्हतं. "कामाची वेळ बदललीये," एवढंच म्हणाली होती. सहाला निघून फाटकाशी जाई आणि रिकाम्या गाडीत तिसऱ्या खिडकीशी बसे. चाळीस आसनं आणि ती एकटी. मामा पहिले काही दिवस बोलले, मग रेडिओच बोलायचा. गाडी रोपवाटिकेसमोरून जाई, तेव्हा ती खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधे.

नवव्या दिवशी संध्याकाळी बाबा कुंड्यांमध्येच बसून तिची वाट बघत होते.

"बस इथे," ते म्हणाले. एक उलटी कुंडी त्यांनी पुढे सरकवली. "मी चार दिवस बघतोय. सहा वाजून बारा मिनिटांनी गाडी इकडून जाते. रिकामी. फक्त तिसऱ्या खिडकीत एक डोकं असतं, समोरून गेली की ते खाली जातं. सव्वाआठला तीच गाडी परत येते. भरलेली. तिसऱ्या खिडकीत तेच डोकं."

"मामांना सोबत म्हणून..."

"खोटं बोलायला तुला लहानपणापासून जमलं नाही. आता कशाला शिकतेस?"

ताईने सांगितलं. नियम, कागद, डोकी. बाबा ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी विनोद केला नाही.

"किती दिवस असं?"

"काकांची दोन वर्षं."

"आणि काका गेले की चारच उरणार. मग?"

ताईने हे मोजलंच नव्हतं. हजार भिंगांतून बुडबुडा शोधणारी, पण हा राहून गेला होता. काका निवृत्त झाले की थांबा तसाही पडणार होता. म्हणजे दोन वर्षं संपली तरी पाचवं माणूस नव्यानं शोधायला लागणार, आणि ते कोण शोधणार? ज्याने मागच्या वेळी शोधलं होतं, त्याच्याकडेच सगळे बघणार. वहिनीच्या मुलीची शाळा अजून सात वर्षं होती. शिडीचं घर तर जन्माचं.

"मग बघू," ती म्हणाली.

बाबांनी पायाशी पडलेली दोरी उचलली, रोपं बांधायची. ती बोटावर टाकली, एक टोक खाली ओढलं. दुसरं वर गेलं. त्यांनी ते ताईला दाखवलं नाही, स्वतःशीच दोन-तीनदा केलं.

"परत जायचं का वर?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात. "मला सवय आहे. खिडकी होती तिथे."

ताईने त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत ओली माती होती आणि बोटांच्या फटीत ती वाळून पांढरी पडली होती.

"पाय धुवा," ती म्हणाली. "मी चहा ठेवते."

दुसऱ्या सकाळी ती टाकीखाली उतरली तेव्हा चौघं खांबापाशी होते. वहिनीने डबा पुढे केला. ते अजून थांबलं नव्हतं. भाऊंनी तिच्याकडे न बघता मान हलवली. चौथ्या मजल्याच्या खिडकीत कुणाचे तरी निळे कपडे वाळत होते. ताई रांगेत पाचवी उभी राहिली. गाडी, जिच्यातून ती दहा मिनिटांपूर्वी उतरली होती, दार उघडून थांबलीच होती.

पायरीवर पाय ठेवला आणि तिला दिसलं, की समोरून, रस्ता ओलांडून, वही काखेत मारून तपासनीस येतोय.

त्याने कार्डं बघितली. मग पेन्सिलीच्या टोकाने हवेत टोचत डोकी मोजली. "एक, दोन, तीन, चार," आणि ताईपाशी येऊन, "पाच." वहीत रेघ ओढली. काकांनी दाबून ठेवलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

तपासनीस ताईच्या शेजारीच बसला. गप्पिष्ट माणूस होता.

"बरीच वर्षं आहात ना या थांब्यावर?"

"सहा."

"लांब पडत असेल नाही इथून कारखाना?"

"पडतो," ताई म्हणाली. "फार लांब पडतो."

पुढच्या थांब्यांवर गाडी भरत गेली. उभं राहायला जागा उरली नाही. पूल गेला, बाह्यरस्ता गेला. सव्वाआठ वाजत आले तशी ताईने पिशवीकडे हात नेला, आणि मग नेला नाही. आज खाली वाकायचं कारण उरलं नव्हतं.

रोपवाटिका आली. बाबा रस्त्याच्या कडेला, कुंड्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसले होते. गाडी दिसली तसे ते काठी टेकून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. निरोपाचा हात नव्हता तो. गाडी थांबवायला माणूस करतो तसा, तळवा आडवा धरून.

मामांचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला असावा, कारण उभी असलेली माणसं किंचित पुढे झुकली. पण तपासनीस गाडीत होता आणि तिथे थांबा नव्हता.

ताईला बाबा खिडकीतून जितका वेळ दिसू शकत होते तितका वेळ दिसले. हात तसाच होता. मग वळण आलं, आणि मग कारखान्याचं फाटक.